फुटलेली ताल आणि साठवलेले दोन लाख

वाचकाचं पत्र:

‘पुरंदर तालुक्यात सासऱ्यांची तीन एकर जमीन आहे, डोंगराच्या पायथ्याला, उताराची. आम्ही पुण्यात धनकवडीत राहतो. दीर गावी असतात, बाजरी आणि वाटाणा करतात. सासरे जाऊन दोन वर्षं झाली, जमीन अजून त्यांच्याच नावावर आहे. आमच्या वरच्या अंगाला प्लॉटिंग झालंय. एप्रिलमध्ये त्या लोकांनी ओढ्याच्या बाजूला भिंत घातली आणि जूनमधल्या एकाच पावसात आमची मधली ताल, म्हणजे उतारावर माती-पाणी धरणारा बांध, फुटली. खालच्या पट्टीत आता नुसता मुरूम दिसतो. मी दोन लाख रुपये साठवले आहेत. जेसीबीवाला म्हणतो, शेततळं खणा आणि त्यात प्लास्टिकचा कागद टाका. दीर म्हणतात, बोअर घेऊ. कृषी कार्यालयात दोनदा जाऊन आले, “योजना संपली” एवढंच सांगितलं. नक्की कुणाकडे जायचं? आणि हे पैसे कशात घालायचे?’

ताई,

‘नुसता मुरूम दिसतो’ या तुमच्या शब्दांपाशी मी बराच वेळ थांबलो. पाऊस पुढच्या मृगात पुन्हा येईल. वाहून गेलेली माती मात्र तुमच्या-माझ्या हयातीत परत तयार होत नाही. म्हणून आधी सरळ उत्तर देतो. यंदा शेततळं नको. बोअर तर नकोच. दोन लाखांतला पहिला रुपया ताल बांधण्यात आणि तिच्या सांडव्यात, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडायच्या वाटेत, घाला. आणि एक काम त्याहूनही आधीचं आहे, त्याला पैसे फारसे लागत नाहीत, पण मुदत आहे. तिथूनच सुरुवात करतो.

भिंत एप्रिलमध्ये झाली म्हणता. मामलेदार न्यायालय अधिनियम हा १९०६ सालचा कायदा आजही लागू आहे. शेतजमिनीवर पडणाऱ्या किंवा वाहणाऱ्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कुणी कायदेशीर अधिकाराशिवाय अडवला, आणि त्यानं शेताचं नुकसान झालं किंवा व्हायची शक्यता असली, तर कलम ५ खाली तो अडथळा काढायचा आदेश तहसीलदार देऊ शकतात. पण दावा कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. ताल जूनमध्ये फुटली म्हणून जूनपासून मोजू नका, भिंत झाली तिथपासूनच धरा. म्हणजे ऑक्टोबर उजाडायच्या आत अर्ज सासवडच्या तहसील कार्यालयात पडलेला बरा.

अर्जासोबत सातबारा, गाव नकाशाची प्रत आणि फोटो लागतील. गाव नकाशावर ओढा दाखवलेला असतो, ती रेघ तुमचा सगळ्यात भक्कम साक्षीदार. फोटो घेताना भिंत, तिच्याशी तुंबलेलं पाणी आणि तुमची फुटलेली ताल एका चौकटीत येतील असे घ्या, तारखेसकट. नुकसानीचा पंचनामा झाला नसेल तर तलाठी भाऊसाहेबांना लेखी अर्ज देऊन करून घ्या आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. प्लॉटिंगच्या लेआउटला मंजुरी कुणाची आहे, त्यात ओढा दाखवलाय का, हेही लेखी विचारा. कार्यालयात तोंडी बोललेलं शिपायाबरोबर चहाला निघून जातं, कागद राहतो.

अर्ज तयार करून पिशवीत ठेवा आणि मगच त्या प्लॉटवाल्यांशी बोलायला जा. दीरांना सोबत न्या, आवाज चढवू नका. भिंतीला पुरेशी मोठी मोरी ठेवून पाणी जुन्या वाटेनं सोडायला ते तयार झाले तर तसं लिहून घ्या. बरेचदा एवढ्यावर मिटतं. पण ‘बघू, दिवाळीनंतर करू’ असं ऐकू आलं तर त्याच दिवशी अर्ज दाखल करा. दिवाळीनंतर मुदत संपलेली असेल.

दुसरं बिनपैशाचं काम वारस नोंदीचं. सासऱ्यांच्या नावाचा सातबारा घेऊन तुम्ही कुठल्याही योजनेच्या दारात गेलात तरी काम अडणारच. वारसाचा फेरफार झाला की तुमचे यजमान, दीर आणि नणंद असेल तर तीही, अशी सगळ्या वारसांची नावं लागतील. नणंदेचं नाव ‘तिला काय करायचंय’ म्हणून गाळायचा विचार घरात कुणी बोलून दाखवला तर ऐकू नका. तो तिचा हक्क आहे, आणि सामाईक खात्यावर अनुदान घ्यायचं तर तिची संमतीही लागेल. नावं लागली की शेतकरी ओळख क्रमांक काढून घ्या. २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी तो सक्तीचा आहे. गावी राहून शेती कसणारे दीर आहेत, म्हणून अर्ज त्यांच्या नावानं करणं सोयीचं.

आता शेततळ्याविषयी. मी शेततळ्याच्या विरोधात नाही, योग्य जागी ते सोन्यासारखं आहे. पण तुमच्या रानात आज ते करणं म्हणजे आधी कळस, मग पाया. हिशोब मांडू. एका एकरावर एक इंच पाऊस पडला तर साधारण एक लाख लिटर पाणी होतं. तुमच्या तीन एकरांवर वर्षाला वीसेक इंच धरला तरी साठ लाख लिटर. तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल, उतरत्या कडांचं तळं पूर्ण भरलं तर त्यात बावीस लाख लिटरच्या आसपास पाणी मावतं. त्यासाठी नऊ गुंठे जमीन तळ्याखाली जाते, भरावाची वेगळीच. याउलट ताली धड असल्या तर पावसाचा मोठा वाटा तुमच्या मातीतच मुरतो आणि त्यासाठी एक गुंठाही गमवावा लागत नाही.

शिवाय आज तुमच्या शेतातून जे वाहतंय ते नुसतं पाणी नाही. पुढच्या मोठ्या सरीच्या वेळी ओढ्याला जाणारं पाणी काचेच्या बरणीत भरा, रात्रभर हलवू नका आणि सकाळी तळाशी किती बोटं गाळ बसला ते पाहा. तोच गाळ तळ्यात बसणार. चार पावसाळ्यांत तळं उथळ होतं, आणि प्लास्टिकच्या कागदावर साचलेला गाळ काढताना कागद फाटतो. मग लोक काय करतात, तर बोअरचं पाणी उपसून तळं भरतात. जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी वर आणून उन्हात ठेवायचं, शेजारच्या विहिरी खाली घालवायच्या आणि चैत्र-वैशाखात त्याची वाफ होताना बघायची. हे मला पटत नाही.

पुढेमागे तळं केलंतच तर त्याच्या तोंडाशी गाळ धरायला खड्डा ठेवा, जादा पाण्याला वाट ठेवा आणि चारी बाजूंनी कुंपण घाला. कागदाच्या कडेवर पाय ठरत नाही. आत पडलेल्या माणसाला पोहता येत असूनही वर येता येत नाही. चारी कोपऱ्यांना गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडलेले असलेच पाहिजेत. घरात लहान मुलं आहेत का ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण वस्तीवर कुणाची ना कुणाची असतातच.

बोअरचं थोडक्यात सांगतो. आपला भाग काळ्या पाषाणाचा. इथं पाणी असतं ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत. अखंड पाषाण लागला की आणखी शंभर फूट खाली गेल्यानं पाणी वाढेलच असं नाही, बिल मात्र नक्की वाढतं. २००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्यानं साठ मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल जायला लगामही घातला आहे. दीरांच्या मनातून बोअर जातच नसेल तर नारळ फिरवून पाणी सांगणाऱ्याला बोलावण्याआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकांचं मत घ्या. त्या यंत्रणेचं मुख्यालय आपल्या पुण्यातच आहे.

आता तालीकडे येतो. माझं स्वतःचं शेत भोरच्या पूर्व अंगाला आहे. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी तिथं नवीन ताल घातली. भराव चांगला उंच केला, धुम्मस मारून घेतला, वरून घास लावला. सांडव्याला दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, करायचं तेवढं राहिलं. गवंडी म्हणत होता, मी म्हटलं पुढच्या वर्षी करू, यंदा खर्च फार झालाय. भाद्रपदात एका रात्री वळवासारखा पाऊस आला. सकाळी जाऊन पाहतो तर सांडव्याच्या तोंडापासून कातरत कातरत पाण्यानं तालीला बैलगाडी जाईल एवढं भगदाड पाडलेलं, आणि खालच्या शेजाऱ्याच्या भुईमुगावर वीतभर मुरूम पसरलेला. काढणीला पंधरा दिवस राहिले होते. त्यांनी मला एक शब्द वाकडा बोलला नाही, म्हणून ते मला आजही जास्त लागतं. भरपाई दिली, पण त्यांच्या वाफ्यातला मुरूम निघायला दोन वर्षं गेली. तेव्हापासून कुणीही ताल म्हटलं की मी आधी सांडवा विचारतो.

म्हणून तुमच्या फुटलेल्या तालीची दुरुस्ती करताना आधी ती का फुटली ते शोधा. भिंतीमुळे जास्तीचं पाणी आलं हे एक कारण झालं. पण तालीत घुशींची किंवा खेकड्यांची बिळं होती का? सांडवा होता का, आणि असला तर त्याची पातळी भरावापेक्षा पुरेशी खाली होती का? भगदाडाच्या दोन्ही कडा नीट पाहिल्यात तर पुष्कळ कळेल. वरून ओघळ पडत पडत कातरलं असेल तर पाणी माथ्यावरून गेलं. मधूनच बोगदा पडल्यासारखं दिसत असेल तर बिळातून गेलं.

परतीचा पाऊस अजून बाकी आहे. त्यामुळे आत्ता भगदाड पूर्ण बंद करू नका, ओल्या मातीचा भराव बसत नाही आणि पुन्हा फुटतो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत मुरूम भरून भगदाडात गुडघाभर आडव्या रचा, म्हणजे पाणी निघून जाईल आणि माती मागे राहील. पक्कं काम दिवाळीनंतर, वाफसा आल्यावर, म्हणजे माती हाताळण्याजोगी सुकल्यावर. जुन्या तालीच्या कडा पायऱ्या पायऱ्यांनी खणून घ्यायच्या, खाली पायाचा चर काढायचा, गवत-मुळं वेचायची आणि अर्ध्या अर्ध्या फुटाचे थर देत, थोडं पाणी मारत चोपायचं. जेसीबीवाल्याला हे आवडणार नाही, त्याला बकेटनं ढीग ओतून वरून दोनदा चाक फिरवायचं असतं. त्या दिवशी तुम्ही किंवा दीर दिवसभर तिथं उभे राहा. सांडवा तालीच्या टोकाला, टणक जमिनीवर, दगडी पिचिंगचा. पैसे कमी पडले तर तालीची लांबी कमी करा, सांडव्याचे दगड कमी करू नका.

भरावावर मारवेल किंवा वाळा यांपैकी एखादं गवत लावा. मारवेल जनावरंही खातात, त्यामुळे दीर त्याची निगा राखतील. बांधाच्या खालच्या कडेला सीताफळ लावलंत तर पुरंदरच्या माणसाला त्याचं महत्त्व मी काय सांगायचं.

वरच्या पट्टीला नवे बांध घालायचे तर रेषा डोळ्यांनी काढू नका. डोळा उतारावर हमखास फसतो. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. पारदर्शक नळी घ्या, दहा-बारा मीटर लांबीची. दोन सारख्या उंचीच्या काठ्यांवर सेंटीमीटरच्या खुणा करून नळीची टोकं त्यांना बांधा आणि नळीत पाणी भरा. बुडबुडा राहू देऊ नका, बुडबुडा राहिला की सगळं माप खोटं. एक काठी एका जागी धरायची, दुसरी घेऊन दुसऱ्यानं वर-खाली सरकायचं. दोन्ही काठ्यांवर पाणी सारख्याच खुणेवर थांबलं की त्या दोन जागा एका पातळीत. तिथं फक्की टाका आणि पुढे सरका. तासाभरात पांढरी रेघ तुमच्या रानातून नागमोडी जाताना दिसेल. पेरणीची पाभरही त्याच रेघेनं आडवी चालवायला दीरांना सांगा. उताराच्या दिशेनं पडलेलं पाभरीचं प्रत्येक तास, प्रत्येक ओळ, म्हणजे पाण्याला आयती दिलेली गटार, आणि बांध कितीही चांगले घातले तरी ती गटार बुजत नाही.

आता कुणाकडे जायचं. पहिलं दार गावच्या कृषी सहायकाचं. त्यांच्याकडे बरीच गावं असतात, म्हणून कोणत्या वारी कुठे असतात ते ग्रामपंचायतीत विचारून घ्या. त्यांना ‘शेततळं मिळेल का’ असं विचारू नका, त्याला लक्ष्यांक संपला एवढंच उत्तर येतं. ‘ताल फुटली आहे, एकदा रानात येऊन बघा आणि काय करायला हवं ते सांगा’ असं म्हणा. बांधबंदिस्तीचं काम त्यांनी शिकलेलं असतं आणि रानात उभं राहून बोलणारा अधिकारी टेबलाशी बोलणाऱ्यापेक्षा वेगळं बोलतो, हा माझा अनुभव आहे. अनुदानाचा अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर, त्यावरचा निर्णय सासवडच्या तालुका कृषी अधिकारी कार्यालयातून. मात्र पूर्वसंमतीचं पत्र हातात पडल्याशिवाय त्या कामाला जेसीबी लावू नका. आधी काम आणि मग अर्ज असं केलेल्या माणसाला अनुदान मिळालेलं मी पाहिलेलं नाही. सीताफळ, अंजीर करायचं मनात असेल तर भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेविषयी त्याच कार्यालयात विचारा.

मुरूम उघड्या पडलेल्या पट्टीसाठी ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आहे. तलावातला गाळ शेतकऱ्याला फुकट मिळतो आणि लहान शेतकऱ्याला वाहतुकीसाठी अनुदानही आहे. उन्हाळ्यात गाळ निघतो, अर्ज त्याआधी ग्रामपंचायतीमार्फत. पण ताल पक्की झाल्याशिवाय एक ट्रॉलीही टाकू नका, नाहीतर पहिल्या पावसात तो गाळ परत तलावात. आणि आणण्याआधी गाळाचा नमुना तपासून घ्या, चुनखडी जास्त असलेला गाळ पट्टी सुधारायच्या ऐवजी बिघडवतो. त्याच खेपेत तुमच्या मातीचाही नमुना द्या. आठ-दहा जागांवरून वीतभर खोल, व्ही आकाराचा खड्डा घेऊन माती काढायची, मिसळायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जायचं, अर्धा किलो उरेपर्यंत. बांधाची, झाडाखालची, उकिरड्याजवळची माती घ्यायची नाही.

तुमच्या हद्दीच्या बाहेरचं काम, म्हणजे डोंगरावर एकाच पातळीत खणलेले समतल चर, ओढ्यातले दगडी बांध, सिमेंट बंधारा, हे एकट्यानं अर्ज करून होत नाही. तो विषय राज्याच्या मृद व जलसंधारण विभागाचा आणि गावाच्या आराखड्याचा, त्याला ग्रामसभेचा ठराव लागतो. डोंगर वनखात्याचा असेल तर त्यांची परवानगी वेगळी. हे लांबचं वाटेल, पण तुमच्या तालीचं आयुष्य तिथंच ठरणार आहे. साठ सेंटीमीटर रुंद आणि तीस सेंटीमीटर खोल चराचा एक मीटर तुकडा एका वेळी १८० लिटर पाणी धरतो. डोंगरावर असे चर असले तर तुमच्या तालीवर येणारं पाणी पळत येत नाही, चालत येतं. धनकवडीत राहणाऱ्या माणसाला २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र सांगायला नको. कात्रजच्या डोंगरावरचं पाणी आंबिल ओढ्याला एकदम आलं, ओढ्याचं पात्र आवळलेलं होतं, आणि किती घरं उजाडली. त्याच रात्री तुमच्या तालुक्यात कऱ्हा नदीलाही पूर आला होता. वरचा डोंगर उघडा, मधला ओढा आवळलेला, खालची माणसं झोपेत. तुमच्या शिवारात आज तेच लहान प्रमाणात घडतंय.

आणि या कामाचा दाखला शोधायला तुम्हाला लांब जायला नको. तुमच्याच तालुक्यात नायगावला पुण्याचे अभियंते विलासराव साळुंखे १९७२ च्या दुष्काळानंतर गेले. १९७४ मध्ये देवस्थानाची चाळीस एकर उजाड, उताराची जमीन त्यांनी कराराने घेतली आणि वरून खाली या क्रमानं बांध, पाझर तलाव आणि पायथ्याला विहीर अशी कामं केली. त्यातूनच पाणी पंचायत उभी राहिली. तिथं पाणी जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांवर वाटलं. माणशी अर्धा एकर, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला पाणी नाही. एखाद्या रविवारी दीरांना घेऊन नायगावला जाऊन या. बोअरचा हट्ट माझ्या पत्रापेक्षा त्या फेरीनं लवकर सुटेल.

पुण्यात या विषयात काम करणाऱ्या संस्थाही आहेत. ग्रामीण विकासाचं काम करणारी वारजे आणि उरुळी कांचनची बायफ, पाणलोटाचं काम करणारी वॉटर (WOTR), भूजलाचा अभ्यास करणारी अॅक्वाडॅम, आणि स्वयंसेवी संस्थांना जोडणारी अफार्म. या संस्था साधारणपणे अख्ख्या गावाबरोबर काम करतात, एका शेतकऱ्याचा बांध घालून द्यायला येणार नाहीत. म्हणून त्यांच्याकडे एकट्यानं जाऊ नका, ओढ्याकाठच्या आठ-दहा खातेदारांच्या सह्यांचं पत्र घेऊन जा. तुमच्या वर आणि खाली ज्यांची शेतं आहेत त्यांची यादी करायला दीरांना एक संध्याकाळ पुरेल. त्या यादीतल्या बऱ्याच जणांच्या तालींनाही यंदा धक्का बसला असेल.

२ ऑक्टोबरला ग्रामसभा असते. त्याआधी तहसीलमधला अर्ज आणि वारस नोंदीचा अर्ज, दोन्ही झालेले असू द्या. ग्रामसभेत ओढ्याच्या आणि डोंगराच्या कामाचा विषय लेखी द्या, शक्य असेल तर आठ दिवस आधी ग्रामसेवकाकडे, म्हणजे तो विषयपत्रिकेवर येईल. बोलायला दीरांना उभं करा, गावात रोज राहणारा माणूस तो आहे. पण तुम्हीही जा आणि पुढच्या रांगेत बसा. मोबाईलमधले फोटो कागदावर मोठे छापून न्या, फुटलेल्या तालीचा आणि त्या बरणीतल्या गाळाचा. ठराव झाला तर सही-शिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय उठू नका.